१२३४५६७८९८७६५४३२१ : एकाच गुणाकाराची तीन उत्तरे, खरे कोणते?

सातपूरचा हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. आकड्यांशी माझा संबंध रोजचा असला, तरी तो रुपये-पैशांच्या पलीकडे कधी गेलेला नाही. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने काल जेवताना सांगितले की, नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग केला तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ येते आणि ते डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच राहते. मी हात धुऊन लगेच एक्सेलमध्ये गुणाकार केला, तर रकाना पुरेसा रुंद करूनही उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसले. तिच्या मामाने संगणकाच्या भाषेत एक ओळ लिहून तोच गुणाकार केला, तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२० आले. आता घरात तीन उत्तरे आहेत आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटते. यंत्राला न विचारता, कागदावरच याचा निकाल कसा लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

एकं दहं शतं

आपल्या मुलीचे उत्तर बरोबर आहे. निकाल लावायला पूर्ण गुणाकार करायचीही गरज नाही. आमच्या पिढीला शाळेत शिकवलेला नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून घ्यायचा पडताळा, पुरतो. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून या संख्येला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे. आता तिन्ही उत्तरांच्या अंकांची बेरीज करा. मुलीच्या उत्तराची बेरीज ८१ येते, एक्सेलच्या उत्तराची ७८ आणि मामांच्या उत्तराची ८०. ७८ आणि ८० यांना ९ ने भाग जात नाही, तेव्हा ती दोन्ही उत्तरे तिथेच बाद होतात.

ताळ्यावर विश्वास नसेल तर शेवटचे अंक पाहा. पूर्ण वर्गाच्या शेवटी शून्ये असली तर ती सम संख्येतच असतात, त्यामुळे एकाच शून्याने संपणारे मामांचे उत्तर वर्ग असूच शकत नाही. एक्सेलच्या उत्तरात दोन शून्ये आहेत खरी, पण ती काढल्यावर उरलेली संख्या ३ ने संपते, आणि कोणताही वर्ग २, ३, ७ किंवा ८ ने संपत नाही. अर्थात त्याहून सोपी गोष्ट ही की, एकने संपणाऱ्या संख्येचा वर्ग एकनेच संपतो. पण वरच्या कसोट्या अन्यत्रही उपयोगी पडतात म्हणून लिहिल्या.

ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक असते, परंतु ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच आहे असे ठरत नाही. म्हणून मुलीला एकदा उभी मांडणीही करायला सांगा. १११११११११ ही एकच ओळ नऊ वेळा लिहायची आणि प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवायची. मग उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत मधल्या स्तंभात नऊ येतात आणि तेथून पुढे एकेक कमी होत जातो. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नसल्यामुळे हातचा कुठेही येत नाही, आणि स्तंभांची बेरीज जशीच्या तशी उत्तरात उतरते.

कॉलेज रोडचा कोडर

यंत्रांची बाजूही कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. एक्सेल संख्येचे पहिले १५ सार्थ अंकच जपते आणि पुढच्या घरांत शून्ये भरते. ही संख्या १७ अंकी आहे, त्यामुळे शेवटचे २१ गेले आणि ०० आले. मामांची अडचण थोडी वेगळी आहे. बहुतेक भाषांमध्ये दशांश संख्या ज्या प्रकारात साठवतात, त्यात ५३ द्विमान अंकांची, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीतल्या अंकांची, जागा असते. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे आणि तिथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अचूक साठवता येतो; त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत केवळ सम संख्यांनाच जागा मिळते. आपली संख्या नेमकी या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे. शेवटी ३२० असलेली आणि ३२२ असलेली, अशा दोन सम संख्या तिला सारख्याच जवळ आहेत. असा पेच पडला की ज्या पर्यायाच्या साठवलेल्या ५३ द्विमान अंकांतला शेवटचा अंक शून्य असेल तो घ्यावा, असा नियम आहे, म्हणून ३२० आले. पायथनमध्ये साध्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही आणि तिथे उत्तर अचूक मिळते.

बँक खात्याचे किंवा कार्डाचे लांब क्रमांक एक्सेलमध्ये मजकूर म्हणून का लिहावे लागतात, याचेही कारण हेच आहे. हिशेबनीस साहेबांना हा अनुभव असेलच.

सातपूरचा हिशेबनीस

अनुभव आहे, कारण मात्र आज कळले. मुलीने वहीचे पान आडवे धरून नऊ ओळी मांडल्या आणि मामाला फोन लावून उत्तर ऐकवले. ऐकवताना ती अडखळली ती एका वेगळ्याच गोष्टीपाशी: ही संख्या वाचायची कशी?

गोदाकाठ

आजच्या व्यवहारातल्या शब्दांत वाचायची तर कोटी दोनदा म्हणावे लागते: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. हे कानाला बरे वाटत नाही. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर मात्र ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते आणि जोड्यांची चढण-उतरण डोळ्यांसमोर येते. तीन-तीन अंकांचे गट पाडले की ही गंमत नाहीशी होते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत अठरा स्थानांची नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. त्या नावांनी वाचली तर आपली संख्या एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी अशी खाली उतरत येते. शिखरावरचा ९ अर्बुदाच्या घरात आहे आणि परार्धाचे शेवटचे घर रिकामे राहते. मुलीला ही नावे पाठ करायला सांगू नका. हौसेने केली तर गोष्ट वेगळी.

देवळाली लोकल

या धाग्यावर अजून कापरेकर सरांचे नाव आले नाही, याचे नाशिककर म्हणून थोडे वाईट वाटले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला आणि १९३० ते १९६२ या काळात ते आपल्या देवळालीत शाळाशिक्षक होते. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की अखेर ६१७४ येते, हा त्यांचा शोध सर्वांना ठाऊक असतो. १, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेलाही त्यांनीच नाव दिले आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. या आहेत डेम्लो संख्या, आणि आपण चर्चा करत आहोत ती त्यांतली नववी. डेम्लो हे तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील एका स्थानकाचे नाव होते, म्हणजेच आजचे डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांच्या मनात तिथे आला होता.

ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. ‘एकं दहं शतं’ सरांनी वर दाखवले आहे की आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने भाग जातो, म्हणजे ही संख्या हर्षदही आहे.

द्राक्षबाग

८१ ने भाग जातो हे कळल्यावर मी पुढे अवयव पाडत गेलो. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिल्याचे मूळ अवयव ३ आणि ३७, दुसऱ्याचे ३ आणि ३३३६६७. म्हणून आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: ५ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ४५. एवढ्या अवाढव्य संख्येला केवळ ४५ विभाजक आणि त्यांतला सर्वांत मोठा मूळ अवयव जेमतेम सहा अंकी, हे मला अपेक्षित नव्हते.

आणखी एक. १११ चा वर्ग १२३२१ आणि १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१. या दोघांचा गुणाकार म्हणजेच आपली संख्या. एक छोटा डोंगर आणि एक विरळ डोंगर गुणले की मोठा डोंगर उभा राहतो; पडताळा अवश्य घ्यावा.

सातपूरचा हिशेबनीस

पडताळा घेतला, जुळला. मुलीचे पुढचे दोन प्रश्न जसेच्या तसे देतो. पहिला: दहा वेळा एक लिहिले तर काय होते? दुसरा: १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ वेळा एक येतो हे तिने कुठेतरी वाचले आहे, पण त्या संख्येत ८ का नाही?

एकं दहं शतं

हे दोन प्रश्न तिने एकापाठोपाठ विचारले याचे मला फार कौतुक वाटले, कारण दोन्हींचे उत्तर एकच आहे. नीट लिहितो, थोडे लांबेल.

दहा एकांचा वर्ग मांडा. मधल्या स्तंभात दहा एक येतात. तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो. डावीकडच्या स्तंभात ९ होते, त्यात हातचा मिळून १० झाले. पुन्हा ० लिहून हातचा १ पुढे जातो. त्याच्या डावीकडे ८ होते, ते ९ होतात आणि हातचा तिथे संपतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू शाबूत आहे, डावीकडचा ८ मात्र हरवला आहे. अंकांची बेरीजही १०० न येता ८२ येते. एक हातचा गेला की दहाऐवजी एक मोजला जातो, म्हणजे बेरीज ९ ने घटते, आणि इथे दोन हातचे गेले.

आता दहावर न थांबता एकांची रांग अनंत आहे असे समजा. १ ला ९ ने भागले की ०.१११११… येते. त्याचा वर्ग म्हणजे १ भागिले ८१. त्याची मांडणी केली तर स्तंभांत १, २, ३ असे चढत जाऊन ८, ९, १०, ११, १२ येत राहतात, आणि दहापासून पुढचा प्रत्येक स्तंभ आपला हातचा डावीकडे ढकलतो. ८ चे ९ होतात, ९ चे ०, १० चा १, ११ चे २. म्हणून १ भागिले ८१ हा आवर्ती दशांश ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा निघतो आणि त्याच्या आवर्तनात ८ कधीच येत नाही. तिने वाचलेली १२३४५६७९ ही त्या आवर्तनाचीच संख्या आहे. तिला ८१ ने गुणले की ९९९९९९९९९ आणि ९ ने गुणले की १११११११११ मिळते. सारांश, ८ खाणारा आणि दहाव्या पायरीवर डोंगर मोडणारा, हा एकच हातचा आहे.

यावरून आणखी एक गोष्ट हाती लागते. आपली संख्या १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९ अशीही लिहिता येते. नऊ नवांनी गुणायचे म्हणजे संख्येपुढे नऊ शून्ये द्यायची आणि मूळ संख्या वजा करायची. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा: डावीकडचा भाग एकने कमी होऊन १२३४५६७८ होतो, आणि उजवीकडे एक अब्जातून १२३४५६७९ वजा होऊन ९८७६५४३२१ उरतात. ८ गाळून चढणारी संख्या आणि ९ पासून एकही अंक न गाळता उतरणारी संख्या, या दोघींची बेरीज नेमकी एक अब्ज आहे! चाळीस वर्षे फळ्यावर हा गुणाकार करूनही मला ही बेरीज बऱ्याच उशिरा दिसली.

दहापेक्षा जास्त एक घेतले तर डोंगर पुन्हा कधीतरी जुळतो का, असे ती विचारीलच. जुळत नाही. दहा किंवा अधिक एकांच्या वर्गाची सुरुवात नेहमी १२३४५६७९ अशी होते आणि शेवट ८७६५४३२१ असा. डावीकडून आठवा अंक ९, उजवीकडून आठवा अंक ८. तेव्हा ती संख्या उलटसुलट सारखी होणे शक्यच नाही.

गंगापूर रोड

चर्चा वाचून आनंद झाला, पण एक आक्षेप नोंदवतो. ही सारी किमया दहाच्या पायाची, म्हणजे दहा-दहाच्या पटीत संख्या लिहिण्याच्या पद्धतीची आहे. आपल्याला आठच बोटे असती तर याच संख्येचा डोंगर दिसला नसता. जे गुण लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहेत, त्यांना संख्येचे गुण म्हणावे का?

द्राक्षबाग

आक्षेप मान्य, पण अर्धाच. ही संख्या पूर्ण वर्ग आहे, तिला ४५ विभाजक आहेत, आणि वर्ग असल्यामुळेच विभाजकांची संख्या विषम आहे. या गोष्टी कोणत्याही पायात लिहिल्या तरी बदलत नाहीत. उलटसुलटपणा आणि हर्षदपणा मात्र लिपीचे गुण आहेत. तरीही १२३२१ हे चिन्हांचे रूप पाहा: चारपासून पुढे कोणताही पाया घ्या, ते १११ या रूपाचाच वर्ग असते. चारच्या पायात १११ म्हणजे आपले २१ आणि १२३२१ म्हणजे आपले ४४१, आणि २१ चा वर्ग ४४१ च आहे. डोंगर प्रत्येक पायात असतोच. फक्त त्याचे शिखर पायापेक्षा एकने खाली असते, आणि दहाच्या पायात ते ९ वर येते.

गंगापूर रोड

हे पटले. ‘लिपीचे गुण’ हा शब्द आवडला.

देवळाली लोकल

एक प्रश्न राहिला आहे आणि तो आमच्या गावाचा आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जी नवी संख्या मिळते तिची पहिली संख्या जन्मदाती. उदाहरणार्थ २१ मध्ये ३ मिळवून २४ होतात, म्हणून २४ ची जन्मदाती २१. काही संख्यांना अशी जन्मदाती नसतेच: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ वगैरे. त्यांना स्वयंभू संख्या म्हणतात आणि कापरेकरांनी त्यांना देवळालीचे नाव दिले. आपला डोंगर देवळाली संख्या असावा अशी माझी फार इच्छा आहे. मी मागे जात वीस-पंचवीस संख्या तपासल्या, एकही जन्मदाती सापडली नाही. तेव्हा आहे असे धरावे का?

एकं दहं शतं

धरू नये, आपण फार जवळच शोधलेत. जन्मदातीच्या शेवटच्या तीन अंकांखेरीज पुढचे चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ हेच असणार, कारण सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १५३ च्या वर जात नाही आणि ३२१ मधून तेवढे वजा केले तरी पुढच्या अंकांना धक्का लागत नाही. त्या चौदा अंकांची बेरीज ७५ आहे. शेवटचे तीन अंक यात जास्तीत जास्त २७ ची भर घालतील, म्हणून मिळवलेली बेरीज ७५ ते १०२ च्या दरम्यान असली पाहिजे. शिवाय आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, त्यामुळे नवाच्या ताळ्याने ती बेरीजही ९ च्या पाढ्यातली हवी. उरतात केवळ ८१, ९० आणि ९९.

८१ घ्या. ३२१ वजा ८१ म्हणजे २४०, त्याच्या अंकांची बेरीज ६, आणि ७५ अधिक ६ म्हणजे ८१. जुळले. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ही जन्मदाती आहे आणि आपला डोंगर देवळाली संख्या नाही. ९० आणि ९९ घेतल्यास शेवटी २३१ आणि २२२ उरतात, दोन्हींची बेरीज ६ च, म्हणून ते जुळत नाहीत, जन्मदाती एकच. आपली निराशा झाली असेल, क्षमस्व.

सातपूरचा हिशेबनीस

सर, मुलीने आपलीच रीत वापरून त्या जन्मदातीची जन्मदाती शोधली. ती शेजारी बसून सांगते आहे, मी टंकतो आहे. चौदा अंक तेच, बेरीज ७५ च, पर्याय पुन्हा ८१, ९०, ९९. २४० वजा ८१ म्हणजे १५९, बेरीज १५, एकूण ९०, जुळत नाही. २४० वजा ९० म्हणजे १५०, बेरीज ६, एकूण ८१, जुळत नाही. २४० वजा ९९ म्हणजे १४१, बेरीज ६, एकूण ८१, जुळत नाही. चौथा पर्याय नाही. तेव्हा १२३४५६७८९८७६५४२४० ला जन्मदाती नाही, म्हणजे ती देवळाली संख्या आहे, असे तिचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का?

एकं दहं शतं

तिन्ही ओळी तपासल्या. बिनचूक आहे.

देवळाली लोकल

म्हणजे डोंबिवलीच्या संख्येचे माहेर देवळालीच निघाले. आता माझी काही तक्रार नाही.